पंचहौदच्या देवळात आजीची बाप्तिस्म्याची नोंद कशी शोधायची, आणि त्यासाठी तिथली उपासना आधी का समजून घ्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आजीचा बाप्तिस्मा पुण्याच्या पंचहौद चर्चमध्ये झाला असं घरात ऐकत आलाय, साल कुणालाच नक्की सांगता येत नाही, १९१० ते १९२० च्या मधलं कुठलंतरी असावं. तर ते अँग्लिकन चर्च म्हणजे नेमकं काय होतं, तिथे उपासना कशी चालायची, पुढे ती कशी बदलली, आणि नोंद कुठे नि कशी बघायची.

मी स्वतः अँग्लिकन परंपरेतल्याच एका मराठी मंडळीत, म्हणजे एका देवळाच्या भाविकांच्या समुदायात, तीसेक वर्षं ले-रीडर म्हणून, म्हणजे धर्मगुरूची दीक्षा न घेता, उपासना चालवतोय, त्यातली बरीच वर्षं पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा, सेक्रेटरी होतो, आणि सेक्रेटरी म्हटलं की नोंदवह्यांचं कपाट आपोआप गळ्यात येतं. त्यामुळे असे प्रश्न घेऊन येणारी माणसं खूप पाहिलीत. बहुतेक जण आडनाव सांगतात आणि म्हणतात, शोधा. तसं सापडत नाही. ज्या उपासनेतून ती नोंद झाली ती उपासना कळली तर मात्र अर्ध्या तासात सापडते. म्हणून उत्तर जरा लांब होईल, पण पूर्ण वाचा.

आधी देवळाबद्दल. पंचहौद मिशन म्हटलं की पुण्यातल्या माणसाला एकच गोष्ट आठवते, ती चहाची. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला, नंतर चहा-बिस्किटं आली, बोलावलेल्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, आणि मग गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या नवऱ्याने, हजर असलेल्यांची नावं पेपरात छापून आणली आणि शहरात केवढं मोठं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं भांडण, उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. हे सगळं खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. पण मला नेहमी वाईट वाटतं ते याचं की सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ ज्या देवळात माणसं रोज गुडघे टेकून प्रार्थना करत आलीत, जिथे हजारो लेकरांना नाव मिळालं, लग्नं लागली, मढी उचलली गेली, ते देऊळ लोकांना एका कपापुरतं माहीत आहे. तुमच्या आजीचं आयुष्य त्या कपात नाही, ते त्या देवळाच्या रोजच्या उपासनेत आहे.

जागा गुरुवार पेठ, जिला आधी वेताळ पेठ म्हणायचे. तिथल्या पाच पाण्याच्या हौदांवरून पंचहौद हे नाव पडलं. देवळाचं खरं नाव मात्र पवित्र नाम देवालय, इंग्रजीत होली नेम. १८८० च्या दशकात बांधलं, १८८५ पासून तिथे उपासना सुरू आहे. आता हे लक्षात घ्या की पुण्यात इंग्रजांचं चर्च त्याच्या साठ वर्षं आधीपासून होतं. कॅम्पातलं सेंट मेरीज, त्याचं समर्पण बिशप हीबर यांनी १८२५ मध्ये केलं. पण ते पलटणीतल्या गोऱ्या लोकांसाठी, इंग्रजीतलं. पंचहौद त्याच्या अगदी उलट, कॅम्प सोडून शहरात, पेठेत, वाड्यांच्या मधोमध, आणि मराठी माणसांसाठी. एकाच अँग्लिकन चर्चची ही दोन तोंडं होती आणि मधलं अंतर नुसतं मैलांचं नव्हतं.

अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चची शाखा. १८१४ मध्ये कलकत्त्याचा डायोसिस, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा प्रांत, झाला, सगळा हिंदुस्थान त्याच्याखाली, त्यातून १८३७ मध्ये मुंबईचा वेगळा काढला, पहिले बिशप थॉमस कार. पुणं मुंबईच्या बिशपांच्या हाताखाली होतं. पण पंचहौद चालवणारे साधे पगारी चॅप्लेन नव्हते, ते होते काउली फादर्स. ऑक्सफर्डजवळच्या काउली नावाच्या गावात रिचर्ड म्यू बेन्सन यांनी १८६६ मध्ये सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजलिस्ट ही संघटना काढली. लग्न न करणारे, स्वतःची मालमत्ता न ठेवणारे, रोज ठरल्या वेळी प्रार्थना करणारे हे व्रतस्थ धर्मगुरू. त्यांच्या जोडीला १८७७ मध्ये वाँटेजच्या सिस्टर आल्या. वाँटेज हे इंग्लंडमधलं छोटं गाव, तिथल्या पॅरिशचे, म्हणजे गावच्या चर्चचे, पाळक (धर्मगुरू) बटलर यांनी १८४८ मध्ये सिस्टरांची ही कम्युनिटी सुरू केली होती. पुण्यात या सिस्टरांनी शाळा, वसतिगृहं, बायकांमधलं काम हातात घेतलं.

वाँटेज हे नाव मराठी माणसाला अनोळखी असू नये. पंडिता रमाबाई पुण्यात असताना त्यांची याच सिस्टरांशी ओळख झाली, त्यांच्याच मदतीने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजच्या पॅरिश चर्चमध्ये त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मनावर ज्यांच्या लिखाणाचा खोल परिणाम झाला ते फादर नेहेम्या गोरे, मूळचे नीलकंठशास्त्री गोरे, चित्पावन, काशीत वाढलेले, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले, आणि १८७६ मध्ये याच काउली फादर्समध्ये शिकाऊ म्हणून दाखल झालेले. षड्दर्शनदर्पण लिहिणारा शास्त्री माणूस. म्हणजे पंचहौदची मुळं एका बाजूने ऑक्सफर्डकडे जातात आणि दुसऱ्या बाजूने काशीच्या पाठशाळेकडे. रमाबाईंचं पुढे या सिस्टरांशी पटलं नाही, धर्ममतांवरून बराच वाद झाला, त्या स्वतःच्या वाटेने गेल्या, ते वेगळं.

आता उपासनेकडे येतो, कारण नोंद वाचायची किल्ली इथे आहे.

काउली फादर्स ज्या विचारांचे होते त्याला हाय चर्च म्हणतात. अँग्लिकनच, पण वेदी, धूप, मेणबत्त्या, रोजची प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि प्याल्याची उपासना, सणांचं कॅलेंडर, या सगळ्यावर भर. तुम्ही नगरकडच्या अमेरिकन मिशनच्या जुन्या मंडळीत गेलात तर नजर आधी पुलपिटकडे, म्हणजे उपदेशाच्या उंच जागेकडे जाते, कारण तिथे उपदेश हा केंद्र. पंचहौदसारख्या देवळात नजर वेदीकडे जाते. दोन्ही प्रॉटेस्टंटच, दोन्ही मराठी, पण घरची वळणं वेगळी. एक फरक तुम्हाला लगेच उपयोगी पडेल. जिथे कॅलेंडर पाळतात तिथे बाप्तिस्मे, दृढीकरणं (बाप्तिस्म्यानंतर बिशप हात ठेवतात तो विधी), लग्नं वर्षभर कुठेही पसरलेली नसतात, ती ठराविक दिवसांभोवती गोळा झालेली असतात.

वर्ष सुरू होतं आगमनकाळापासून, नाताळच्या आधीचे चार रविवार, वेदीवर जांभळं कापड. मग नाताळ, पांढरं. १ जानेवारी हा येशूचं नाव ठेवल्याचा दिवस, जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता झाली आणि नाव ठेवलं असं लूकच्या शुभवर्तमानात आहे, तो दिवस. अँग्लिकन चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या, म्हणजे उपासनेच्या छापील पुस्तकाच्या, कॅलेंडरात येशूच्या नावाचा आणखी एक दिवस आहे, ७ ऑगस्ट. ज्या देवळाचं नावच पवित्र नाम आहे तिथे या दिवसांना वेगळं वजन. आणि मला हे नाव पुण्यासाठी फार योग्य वाटतं, कारण ज्या मातीत नामस्मरण हीच साधना मानली गेली तिथे एका देवळाने नावालाच पूज्य मानणं हे लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

मग राखेचा बुधवार, तिथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, परत जांभळं, वेदीवर फुलं नाहीत, हालेलूया म्हणायचं नाही. झावळ्यांचा रविवार, पवित्र आठवडा, गुड फ्रायडेला वेदी अगदी उघडी, कापडसुद्धा काढलेलं, दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना, आणि मग ईस्टर. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात केव्हाही येतो. त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, तेव्हा लाल कापड, आणि मग लांबलचक हिरवा काळ थेट आगमनापर्यंत. पावसाळा संपला की हंगामाचा सण, त्यात माणसं भोपळे, केळी, ज्वारीची कणसं, कोंबड्यासुद्धा आणतात आणि उपासना झाली की आवारात लिलाव. आमच्याकडे एका म्हाताऱ्या बाईंनी आणलेली लसणाची माळ दरवर्षी सगळ्यात जास्त बोलीला जायची, कारण सगळ्यांना माहीत असायचं की ती त्यांच्या स्वतःच्या वाफ्यातली आहे.

तर आता तुमच्या आजीकडे. मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा जुन्या प्रथेप्रमाणे ईस्टरच्या आदल्या रात्री किंवा पेंटेकॉस्टच्या सुमाराला द्यायची पद्धत, कारण उपवासकाळभर त्यांची तयारी चालायची. म्हणजे आजी जर आईवडिलांबरोबर मोठेपणी किंवा दहा-बारा वर्षांची असताना ख्रिस्ती झाली असेल, तर प्रत्येक सालची मार्च ते जूनची पानं आधी बघा. आजी ख्रिस्ती घरातच जन्मली असेल तर मात्र जन्मानंतर काही आठवड्यांतच, वर्षभरात केव्हाही. हा एक प्रश्न आधी घरात विचारून घ्या, कारण प्रार्थनापुस्तकात लहान बाळाच्या बाप्तिस्म्याचा विधी वेगळा आणि समजत्या वयाच्या माणसाचा वेगळा. मोठ्यांचा तो विधी १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात नव्याने घातला, आणि घालण्याचं एक कारण म्हणून वसाहतींमधल्या तिथल्याच लोकांना बाप्तिस्मा देताना उपयोगी पडेल असं त्याच्या प्रस्तावनेत चक्क लिहिलंय. कित्येक वह्यांत अशा नोंदीपुढे प्रौढ असा शेरा असतो आणि जन्मतारखेच्या जागी अंदाजे वय.

वही कशी दिसते ते सांगतो. लांब आडवी, छापील रकाने. बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, दिलेलं नाव, मुलगा की मुलगी, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा धंदा, आणि शेवटी कुणी बाप्तिस्मा दिला त्याची सही. पॅरिशने अशा वह्या ठेवायच्या हा नियम इंग्लंडमध्ये १५३८ सालापासूनचा, थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाचा, आणि जिथे अँग्लिकन चर्च गेलं तिथे वही गेली. सहीकडे नीट बघा. सहीपुढे एस.एस.जे.ई. ही अक्षरं असतील तर तो काउली फादर. पुढेपुढे मराठी पाळकांच्या सह्या येतात, आणि एकाच पानावर वरची सही इंग्रज फादरची नि खालची मराठी पाळकाची असं दिसलं की माझे तरी हात तिथे थांबतात, कारण मंडळी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली ते त्या दोन ओळींत असतं.

नावाबद्दल सावध राहा. घरात जे नाव चालतं ते वहीत असेलच असं नाही. आजी घरात सुंदराबाई असेल आणि वहीत मार्था असेल किंवा सुवार्ता असेल. आडनाव तर बऱ्याच जुन्या नोंदींत नसतंच, फक्त स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, कधी गावाचं नाव. इंग्रज फादरने कानाने ऐकून रोमन लिपीत लिहिलेलं असतं, त्यामुळे ठकूबाईचं काय होईल आणि धोंडीबाचं काय होईल याची कल्पना तुम्हीच करून ठेवा, मोठ्याने उच्चार करत वाचा म्हणजे सापडतं. मी डोळ्यांनी शोधून न मिळालेली नावं ओठांनी वाचून मिळवली आहेत.

मग गॉडफादर-गॉडमदरचा मुद्दा, हा फार थोड्या लोकांना माहीत असतो. प्रार्थनापुस्तकाचा नियम असा की मुलगा असेल तर दोन गॉडफादर आणि एक गॉडमदर, मुलगी असेल तर दोन गॉडमदर आणि एक गॉडफादर. वहीत त्यांची नावं लिहिलेली असतील तर अस्पष्ट नोंद मुलाची की मुलीची हे त्यावरूनही कळतं. आणि वसतिगृहातल्या मुलींच्या नोंदींत गॉडमदर म्हणून एखादी सिस्टर उभी राहिलेली दिसते. तसं दिसलं तर समजा की आजी त्या वेळी सिस्टरांकडे राहात होती, आणि मग तुमचा शोध शाळेच्या बाजूनेही वळवता येतो.

अजून एक, नोंदीत खाजगी बाप्तिस्मा असा शेरा आणि पुढे दुसरी तारीख दिसली तर घाबरू नका, दोन मुलं नाहीत. बाळ अत्यवस्थ असलं की घरीच, कधी दवाखान्यात, घाईने बाप्तिस्मा द्यायचे आणि बाळ जगलं तर नंतर देवळात आणून मंडळीसमोर त्याचा स्वीकार करायचे. प्लेगच्या वर्षांतल्या वह्यांत असे शेरे वाचताना पान उलटवत नाही. पुण्यात प्लेग १८९६ च्या अखेरीला आला, नंतर तो वर्षानुवर्षं परत परत येत राहिला, आणि १९१८ ला इन्फ्लुएंझा. त्या काळातली मातीची वही, म्हणजे दफनाची नोंदवही, बाप्तिस्म्याच्या वहीच्या कितीतरी पट भरभर भरत जाते. आजीची आई किंवा भावंडं अचानक घरच्या गोष्टींतून नाहीशी होत असतील तर तिथे जरूर बघा, त्यात वय आणि मरणाचं कारण लिहिलेलं मिळतं.

बाप्तिस्मा नाहीच सापडला तर पुढून मागे या. मी बहुतेकांना हाच रस्ता सांगतो. अँग्लिकन माणसाच्या आयुष्यात क्रम ठरलेला, आधी बाप्तिस्मा, मग विश्वासाचा अंगीकार (आपण काय मानतो ते सांगणारा ठरलेला मजकूर), प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, प्रश्नोत्तरं हे सगळं पाठ करून दृढीकरण, आणि त्यानंतर प्रभुभोजन. दृढीकरण फक्त बिशप देऊ शकतात. त्यामुळे पाळक वर्षभर मुलामुलींची तयारी करून घेतात आणि बिशप येतील त्या एका दिवशी वीस, तीस, चाळीस जणांवर हात ठेवले जातात. वहीत ती एकच सलग यादी, खाली बिशपांची सही. १९०८ ते १९२९ मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर होते, तेव्हा तुमच्या आजीच्या डोक्यावर बहुतेक त्यांचेच हात असणार. या यादीत अनेकदा बाप्तिस्म्याचं ठिकाण किंवा तारीख लिहिलेली असते, आणि तिथून उलट जाता येतं.

तसंच लग्न. लग्नाआधी तीन रविवार उपासनेत पुकार होते, आम्ही त्याला बॅन्स म्हणतो, की अमुक आणि तमुक यांचा विवाह ठरलाय, कुणाची हरकत असेल तर बोला. त्याची वेगळी वही असते आणि लोक ती विसरतात. नवरानवरी दोन वेगळ्या मंडळ्यांतले असतील तर दोन्हीकडे पुकार, म्हणजे तुमच्याकडे नोंद मिळण्याच्या दोन जागा झाल्या. लग्नाच्या वहीत १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे वय, बापाचं नाव, राहण्याची जागा, दोघांच्या सह्या किंवा अंगठे, साक्षीदार. आजीचं माहेरचं नाव पक्कं करायला याहून चांगला कागद नाही. उपवासकाळात आणि आगमनकाळात लग्नं सहसा लावत नसत, त्यामुळे ती पानं झपाट्याने सोडता येतात.

वहीपर्यंत पोचायचं कसं, तर सरळ पाळकसाहेबांना आणि पास्टोरेट कमिटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज करा, त्यात तुमचं आजीशी नातं, अंदाजे सालं, माहीत असलेली सगळी नावं लिहा. रविवारी उपासना सुटल्या सुटल्या गाठू नका, त्या वेळी त्यांना दहा माणसं दहा कामं सांगत असतात. वही हातात मिळाली तर थुंकी लावून पान उलटू नका, फोनने फोटो काढायच्या आधी विचारा, आणि कुणी काढू नका म्हणालं तर वाद घालू नका, कारण त्याच पानावर दुसऱ्या कुणाच्यातरी घरातली अशी गोष्ट असू शकते जी त्यांना चारचौघांत नकोय. दत्तक, अनाथ, बापाचं नाव कोरं, हे सगळं तिथे असतं. सही-शिक्क्याचा उतारा मागा, तो मिळतो.

मुंबई इलाख्यातल्या अँग्लिकन नोंदींच्या नकला त्या काळी दरवर्षी लंडनला पाठवल्या जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. त्यात मुख्यतः गोरे आणि अँग्लो-इंडियन आहेत, मराठी ख्रिस्ती कमी सापडतात. म्हणून तिकडे शेवटी वळा, पहिल्यांदा नाही.

नोंदवह्यांची अवस्था याबद्दलही बोलायला हवं. मी एका मंडळीत असताना, नाव सांगत नाही, कपाटामागच्या भिंतीला ओल आली आणि पावसाळाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. दफनाची एक वही एका बाजूने चिकटून वीट झाली होती. आम्ही चांगल्या मनाने ती उन्हात वाळवली आणि तेच चुकलं, शाई विटली, कडा तडकल्या, चार पानं कायमची गेली. ती चार पानं म्हणजे साठेक माणसं. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगतो, ओली वही उन्हात नको, सावलीत, पंख्याखाली, पानापानात टीपकागद घालून, आणि कपाट भिंतीपासून वीतभर लांब, खाली विटा घालून, म्हणजे वाळवीचीही वाट दिसते. तुमच्या मंडळीत वह्या असतील तर एवढं आजच करा.

उपासना पुढे कशी बदलली हेही तुम्ही विचारलंय. सुरुवातीची मराठी उपासना म्हणजे इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचं भाषांतर, इंग्रजी चाली, ऑर्गन. मनोऱ्यावर आठ घंटांचा संचही इंग्लंडच्या पद्धतीचा. या घंटा गाणं वाजवायला नसतात, प्रत्येक घंटा चाकावर पूर्ण गोल फिरवतात, एका घंटेला एक माणूस, आणि आठ घंटांचा क्रम दर फेरीला बदलत जातो. आठांचे एकूण ४०,३२० क्रम होतात. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही असाच आठांचा संच आहे, इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर कंपनीने ओतलेला, १९०४ चा. हे वाजवणं म्हणजे अंगमेहनत आणि गणित एकत्र, नि शिकायला महिने लागतात.

पण मराठी माणसाला प्रार्थना करताना भजन लागतं, टाळ लागतो, आणि हे कुणीतरी ओळखायला हवं होतं. ते आधी ओळखलं नारायण वामन टिळकांनी, ते अँग्लिकन नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे, पण त्यांची भजनं आज आमच्या प्रत्येक उपासनेत आहेत, ती काढली तर आमची उपासना मुकी होईल. अँग्लिकनांमध्ये जॅक विन्स्लो यांनी हे काम अंगावर घेतलं. नगर भागात काम करणारे हे इंग्रज पाळक, १९२० मध्ये त्यांनी मांडलं की हिंदुस्थानी चर्चला स्वतःच्या घडणीची प्रभुभोजनाची उपासना हवी, आणि केरळच्या जुन्या सुरियानी परंपरेचा आधार घेऊन एक विधी तयार केला. बिशप पामर यांचा त्यांना पाठिंबा होता. टिळकांनी काढलेला ख्रिस्तभक्तांचा संघ, देवाचा दरबार, विन्स्लो यांच्या डोळ्यांसमोर होता, त्यातून १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ निघाला, पुढे त्याचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. खादी, जमिनीवर बसणं, भारतीय गोरे सगळे एका पंगतीत. १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन, पुढे आदिवासींवर लिहिणारे, हिंदुस्थानात आले ते याच संघात. एका बाजूला पंचहौदची धूप-मेणबत्त्यांची गंभीर उपासना आणि दुसऱ्या बाजूला चटईवरची भजनं, आणि दोन्ही एकाच बिशपाच्या एकाच शहरात. तुमची आजी १९३० च्या आसपास तरुण बाई असेल तर तिने दोन्ही पाहिलं असण्याची शक्यता आहे, घरात कुणाला तिची भजनं आठवतात का विचारा, त्यावरूनही बरंच कळेल.

कारभाराचं सांगायचं तर १९३० मध्ये इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने मोकळं झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय झालं, त्यात अँग्लिकनही गेले. म्हणून आज बोर्डवर अँग्लिकन शब्द शोधाल तर मिळणार नाही, पाटीवर सीएनआय असेल. फोन करून अँग्लिकन चर्च कुठलं असं विचारणारे बरेच जण इथेच रस्ता चुकतात.

आणि नोंद बघायला जाल तेव्हा एक रविवार आधी नुसतं उपासनेला जा. वेळ आधी विचारून घ्या. मागच्या बाजूला बसा म्हणजे इतर जण उभे राहतात, बसतात, गुडघे टेकतात ते बघून करता येतं, कुणी तुम्हाला हटकणार नाही. आधी गीत, मग पापांची कबुली, सगळे मिळून, मग पाळक क्षमेचे शब्द म्हणतात. शास्त्रपाठ जुन्या करारातून, पत्रांतून, आणि शुभवर्तमान वाचताना सगळे उभे. उपदेश. मग विश्वासाचा अंगीकार, मग मध्यस्थीच्या प्रार्थना, त्यात मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेऊन. अर्पणाची थैली फिरते, तेव्हा भजन. मग भाकर आणि प्याला. तुम्ही बाप्तिस्मा घेतलेले नसाल तर भाकर घेऊ नका, पण वेदीसमोरच्या कठड्यापर्यंत जाऊन हात छातीशी जोडून मान खाली घातलीत तर पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, मी तरी आजवर कुणाला परत पाठवल्याचं पाहिलेलं नाही.

आत शिरताना बाप्तिस्म्याचं कुंड कुठे आहे ते बघा. जुन्या अँग्लिकन देवळांत ते सहसा दाराजवळ असतं, वेदी पार समोरच्या टोकाला, कारण माणूस मंडळीत शिरतो ते बाप्तिस्म्याच्या दारातून. आमच्या देवळातलं कुंड आठ बाजूंचं आहे, काळ्या दगडाचं, आणि त्याची एक कड गुळगुळीत झालीये. पाळक बाळाला डाव्या हातावर घेतात, कोपर नेमका त्याच कडेवर टेकतो आणि उजव्या हाताने तीनदा पाणी घालतात, शंभर वर्षांत एवढ्या कोपरांनी दगड झिजलाय. पाणी घालायच्या आधी पाळक गॉडमदरकडे बघून विचारतात, या लेकराचं नाव काय, आणि त्या क्षणी ती जे मोठ्याने सांगते तेच वहीत उतरतं. घरी ठरलेलं नाव ऐनवेळी बदललेलं मी दोनदा पाहिलंय. म्हणून घरातलं नाव आणि वहीतलं नाव जुळलं नाही तर नोंद दुसऱ्या कुणाची म्हणून सोडून देऊ नका, तारीख, आईचं नाव आणि गाव या तीन गोष्टी जुळतायत का ते आधी बघा. त्या जुळल्या तर ती तुमचीच आजी.